परांचीवरची बारकी

बारकीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. घरात, गल्लीत, दुकानात ती बारकीच. जन्मली तेव्हा इतकी चिमुकली होती की बाबांनी तिला तळहातावर घेऊन नर्सबाईंना विचारलं होतं, "एवढीच? बाकीची मागून येणार आहे का?" पुढे ती चांगली ताडमाड वाढली, दारातून वाकून आत यायला लागली, तरी गल्लीने एकदा ठेवलेलं नाव काही पुसलं गेलं नाही.

बाबा इमारती रंगवायचे. घरातल्या खोल्या रंगवणारे पुष्कळ असतात, बाबांचं काम बाहेरचं आणि उंचावरचं. गच्चीवरून दोन दोर सोडायचे, त्यांना आडवी फळी बांधायची आणि त्या लोंबत्या परांचीवर बसून वरून खाली भिंत रंगवत यायचं. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. बाबांचा जोडीदार होता लांबूकाका. बांबूसारखा उंच, तसाच सडसडीत, बोलायला बेताचा. बाबांनी नुसता हात मागे केला की लांबूकाका त्यात हवा तो ब्रश ठेवायचा. आई म्हणायची, "एवढं तर मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही जमत नाही."

लांबूकाकाला पुढे-मागे कुणी नव्हतं. संध्याकाळी दोघं कामावरून यायचे, मोरीत रॉकेल लावून हात चोळायचे आणि जेवण होईपर्यंत खाटेवर पत्ते मांडून बसायचे. बारकी बाबांच्या मांडीवर बसून त्यांची पानं बघायची आणि डोळ्यांनी लांबूकाकाला सांगायची. बाबा हरायचे. का हरतो, हे त्यांना बरेच दिवस कळलं नाही. किंवा कळलं होतं आणि त्यांनी तसं दाखवलं नाही.

बारकी दुसरीत असताना परांचीचा एका बाजूचा दोर सुटला. बाबा वाळूच्या ढिगावर पडले म्हणून जीव वाचला, पण कंबरेचं हाड मोडलं आणि उजवा पाय कायमचा गेला. गच्चीवर तो दोर लांबूकाकाने बांधला होता. त्यानेच बाबांना उचलून इस्पितळात नेलं आणि रात्रंदिवस बाकड्यावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी आईने त्याला दारातच गाठून सांगितलं, की आता तुम्ही आला नाहीत तर बरं. तो मान खाली घालून गेला तो गेलाच. त्यानंतर गल्लीत त्याची सावलीसुद्धा दिसली नाही.

आई घरी बसून शिवणकाम करायची, ते सोडून ती शर्टांच्या कारखान्यात जाऊ लागली. तिथे तिच्या वाट्याला फक्त कॉलर. दिवसभर कॉलरवर कॉलर. पुरा शर्ट कसा दिसतो ते तिने कधी पाहिलंच नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. बारकी शाळेतून आली की त्यांच्या पाठीला सांगायची, आज शाळेत काय काय झालं. पाठ काही बोलायची नाही.

घर सांभाळायला आत्या आली होती. आत्या म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. महिनाभर तिने सगळं रेटलं, आणि जायची वेळ आली तेव्हा बांधाबांध करता करता म्हणाली, की बारकीला मी घेऊन जाते. तुमच्यावरचा भार तेवढा हलका होईल, आणि तिकडे पोरीकडे बघायला माणूस आहे. आईला ते पटलं नव्हतं, पण नाही म्हणायला तोंडही नव्हतं. बारकी दाराच्या कडीला धरून उभी होती.

तेव्हा पाठ वळली. बाबा कोपरावर रेलून म्हणाले, "बारकी इथंच राहील. तिचं मी बघतो."

"तू आधी तुझं तरी बघ," आत्या म्हणाली.

"दोघांचं बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी उठली तेव्हा बाबा शेगडीसमोर स्टुलावर बसले होते. बाजूला कुबड्या, पुढ्यात भाताचं पातेलं. भात असा करपला होता की पातेलं दोन दिवस पाण्यात घालून ठेवावं लागलं. आत्याने ते पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि एकटीच निघून गेली. जाताना मात्र शेजारच्या बायकांना बजावून गेली, की माझ्या भावाला कुणी हसलात तर गाठ माझ्याशी आहे.

हसायचे ते हसलेच. माणूस रंगाच्या कामाचा, त्यामुळे बाबा भाजीसुद्धा रंगावरून ओळखायचे. हळद जास्त झाली की म्हणायचे, जरा पिवळट लागली. दुकानदाराने एकदा विचारलं, "काय हो, वहिनी काय म्हणतात? स्वयंपाक पसंत आहे का तुमचा?" बाबा म्हणाले, "पसंत आहे. तुमच्या तांदळात खडे फार, असं म्हणतात." दुकानदार पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

सगळ्यांत अवघड होत्या बारकीच्या वेण्या. आईला पहाटेच निघावं लागे, त्यामुळे ते काम बाबांकडे आलं. बाबांना ठाऊक एकच पीळ, दोराचा. त्यांनी घातलेल्या वेण्या काठीसारख्या ताठ उभ्या राहायच्या आणि बारकीच्या भुवया ओढल्या जाऊन ती दिवसभर दचकल्यासारखी दिसायची. वर्गात मुलींनी तिला घेरलं आणि बापाने घातलेल्या वेण्या म्हणून चिडवायला लागल्या. दुसऱ्या दिवशी बारकी केस मोकळे सोडून निघाली, आणि बाबा हातात कंगवा घेऊन नुसते बसून राहिले.

ते पाहिलं घंटीने. घंटी ही खालच्या इस्त्रीवाल्याची मुलगी, बारकीच्याच वर्गातली, शाळेला जाताना तिला बोलवायला आलेली. तिचा आवाज असा, की ती कुजबुजली तरी समोरच्या इमारतीत ऐकू जायचं. घंटी जिन्यातून परत वर आली, बाबांपुढे पाठ करून बसली आणि म्हणाली, "काका, माझ्या घाला. चांगल्या घट्ट घाला. आमच्या आईच्या वेण्या मधल्या सुट्टीपर्यंतच टिकतात."

बाबांनी घातल्या. घंटी त्या दोन काठ्या घेऊन वर्गात गेली आणि तिने खणखणीत आवाजात विचारलं, की कुणाला काही म्हणायचं आहे का. कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. मग ती रोजच येऊ लागली. बारकीही तिच्या शेजारी बसू लागली. बाबांचा हातही हळूहळू हलका झाला. वर्ष सरता सरता गल्लीतल्या आणखी दोन-तीन मुली कंगवे घेऊन जिन्यात उभ्या असायच्या, आणि बाबा एकेकीला हाक मारायचे, "हं, पुढचं गिऱ्हाईक."

बाबा हसायला लागले, पण खाटेवरचे पत्ते तसेच पडून होते. कधी कधी ते एकटेच डाव मांडायचे, समोरची पानं उलटी ठेवायचे आणि मग दोन्ही बाजूंनी खेळायचे. बारकीला ते बघवत नसे. लांबूकाकाचं नाव घरात काढायची सोय नव्हती. आईपुढे ते नाव निघालं की तिच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटायचं.

हे सगळं बारकीने घंटीला सांगितलं. घंटी म्हणाली, "मग बोलावून आणू या की." जणू काही कोपऱ्यावरून दूध आणायचं होतं.

इस्त्रीवाल्याकडे सगळ्या गावाचे कपडे यायचे, त्यामुळे कोण कुठे काम करतो याची बातमी त्याच्याकडे असायचीच. लांबूकाका एका बंद पडलेल्या गोदामात होता. शाळा सुटल्यावर दोघी तिथे गेल्या. तो जमिनीवर उकिडवा बसून भिंतीचा जुना चुना खरवडत होता. सगळ्या अंगावर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरी धूळ. जमिनीवरून पाय सुटेल असं काम तो आता घेतच नव्हता. शिडी दिसली तरी तिला वळसा घालून जायचा.

बारकीला पाहून तो उभा राहिला आणि तिच्या तोंडून काय ऐकावं लागेल या भीतीने तसाच उभा राहिला. बारकीने घंटीला कोपराने ढोसलं. घंटीच्या घशात कधी काही अडकायचं नाही.

"काकांनी बोलावलंय तुम्हाला," तिने ठोकून दिलं. "आजच या म्हणाले."

लांबूकाकाने बारकीकडे पाहिलं. बारकीने मान हलवली. आयुष्यातली पहिली मोठी थाप तिने अशी मानेने मारली.

तिघं जिना चढताना बारकी एकेका पायरीवर रेंगाळत होती. बाबा नको म्हणाले तर? उठून भिंतीकडे तोंड फिरवलं तर? दार उघडंच होतं. बाबा खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. लांबूकाका उंबऱ्याबाहेर थांबला. धुळीने माखलेला, हातात चप्पल धरून.

"तू बोलावलंस म्हणून आलो," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बारकीकडे. मग घंटीकडे, जी छताकडे बघत होती. जेवढा वेळ त्यांनी घेतला तेवढ्यात बारकीने मनातल्या मनात सगळ्या शिक्षा भोगून घेतल्या.

"हो, बोलावलं होतं," बाबा म्हणाले. "एवढा उशीर का लावलास? ये. शेंगा सोल."

लांबूकाका आत आला, बाबांशेजारी खाली बसला आणि शेंगा सोलू लागला. दोघांच्याही हातांना काम होतं म्हणून बरं झालं. बऱ्याच वेळाने बाबांनी हात मागे केला. लांबूकाकाने न विचारता त्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

पण खरी परीक्षा पुढेच होती. आई कारखान्यातून आली. दारात अनोळखी चपला पाहिल्या, आत माणूस पाहिला. लांबूकाका धडपडत उठला. आईने पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुतले, चहाचं आधण ठेवलं. घंटीसुद्धा गप्प होती, यावरून काय ते समजावं. चहाचे कप समोर ठेवून आई त्याच्यापुढे बसली.

"दोराबद्दल मी या घरात एकदाच बोलणार आहे, आणि आत्ताच," ती म्हणाली. "गाठ तुम्ही मारली होती?"

"हो, वहिनी."

"मारल्यावर ओढून बघितली होती?"

खोटं बोलायला जागा होती. तेव्हा गच्चीवर बघणारं दुसरं कुणी नव्हतं. लांबूकाका म्हणाला, "नाही. रंग वाळायला लागला होता, घाई केली."

आईने कपाचा कान त्याच्याकडे वळवला. "आमच्याकडे शिवण ओढून बघितल्याशिवाय कॉलर पुढच्या टेबलावर जात नाही," ती म्हणाली. "आणि ती तर नुसती कॉलर." मग पदराने कपाळ पुसून ती उठली. "चहा निवतोय. घ्या. जेवूनच जा."

तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. आईने शब्द दिला होता आणि तो पाळला. बारकी मोठी झाल्यावर तिच्याशी भांडून बघणाऱ्यांना हे माहीत आहे, की ती जे असेल ते तोंडावर विचारते, उत्तर ऐकून घेते आणि मग धरून बसत नाही. हे तिने कुठून उचललं ते सांगायला नको.

लांबूकाका पुन्हा घरचा झाला. त्याने बाबांना बसून करायच्या कामाला लावलं. दोघं मिळून खोल्या रंगवू लागले. सुट्टीच्या दिवशी बारकीही जायची. भिंतीचा खालचा पट्टा स्टुलावर बसून बाबांचा, वरचा हात उंचावून लांबूकाकाचा, आणि मधला बारकीचा. तिघांचे पट्टे जिथे जुळायचे तिथे सांधा दिसता कामा नये, ही बाबांची अट. बारकीचा सांधा दिसला की ते नुसते पॉलिश पेपर पुढे करायचे. ती मुकाट्याने घासून काढायची आणि पुन्हा रंग द्यायची. अशा किती भिंती तिने दोनदा रंगवल्या असतील, त्याला गणती नाही.

शाळा संपली तेव्हा आईला वाटत होतं, पोरीने पंख्याखाली बसून करायचं काम धरावं. एका जेवणाला बारकीने सांगून टाकलं, की मला बाहेरच्या भिंती रंगवायच्या आहेत. बाबांचा घास हातातच राहिला. खोल्या रंगव, ते म्हणाले, हव्या तेवढ्या रंगव. लांबूकाका तर ताटावरून उठलाच. "मी दोर बांधणार नाही," तो म्हणाला. "कुणासाठीच नाही."

बारकीने हट्ट केला नाही आणि सोडलाही नाही. ती रोज कामाला जायची, रोज वर बघायची. बाबांनी तिची ती मान पाहिली आणि त्यांची झोप उडाली. शेवटी तोड काढली ती आईने. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने लांबूकाकाला बोलावून घेतलं आणि म्हणाली, चला, मला तो दोर दाखवा.

गच्चीवर आईने त्याला गाठ मारायला लावली, सोडायला लावली, पुन्हा मारायला लावली. मग स्वतः मारली. पाय रोवून, सगळं वजन टाकून ओढून बघितली. तरी तिचं समाधान होईना. परांचीच्या दोरांचा काय भरवसा, पोरीच्या कमरेला पट्टा हवा आणि त्याला वेगळा तिसरा दोर हवा, तो दुसऱ्याच खांबाला बांधलेला हवा. लांबूकाका म्हणाला, की आमच्या काळी असं कुणी करत नव्हतं. आई म्हणाली, "म्हणूनच सांगतेय."

आणि बाबांना तिने एवढंच सांगितलं, "आपण नाही म्हटलं तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी गाठीवर चढेल. त्यापेक्षा आपली बरी."

पहिलं काम मिळालं एका दवाखान्याच्या तीन मजली इमारतीचं. सगळे आले होते. बाबा खाली खुर्चीवर. आई कारखान्यातून रजा घेऊन गच्चीवर. घंटी तेव्हा बसमध्ये कंडक्टर झाली होती, ती ड्यूटीवर जाता जाता गणवेशातच थांबली. बारकी पट्टा बांधून फळीवर बसली. फळी एका अंगाला कलली.

"काका," ती लांबूकाकाला म्हणाली, "दुसऱ्या टोकाला वजन हवं."

विटा ठेवता आल्या असत्या, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. त्याने कठड्यावरून खाली पाहिलं, खुर्चीकडे. बाबांनी वर पाहिलं. एवढ्या उंचीवरून बोलणं ऐकू जात नाही, पण बाबांनी हात वर करून फळीकडे दाखवला. जा.

आईने त्याच्या कमरेलाही पट्टा आवळला. तो आधी एक पाय टाकून थांबला, मग डोळे मिटून दुसरा टाकला. फळी सरळ झाली. बराच वेळ तो दोन्ही हातांनी दोर धरून बसला होता आणि बारकी एकटीच रंग देत होती. तिला खाली बघायची भीती वाटली नाही, पण वर वारं एवढं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ब्रशवरचा रंग उडून तिच्या गालावर यायचा. घरांची छपरं, वाळत घातलेले कपडे, रस्त्यावरून जाणारी घंटीची टोपी. बाबा अंगठ्याएवढे.

तेवढ्यात खालून आरोळी आली, "डाव्या खिडकीखाली सुटलंय!"

बारकीने वाकून पाहिलं. खरंच सुटलं होतं. लांबूकाका हसला. "उंटावरचे शहाणे पुष्कळ पाहिले," तो म्हणाला, "आपला खुर्चीवरचा." मग त्याने एक हात दोरावरून सोडवला, पॅंटला पुसला आणि ब्रश मागितला. रंगाचा पट्टा सरळ आला. दुपारी खाली उतरल्यावर तो भिंतीच्या आडोशाला जाऊन रडला आणि बाबा कुबड्या टेकत त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. बारकीने तिकडे जायचं टाळलं. काही गोष्टी त्या दोघांच्याच होत्या.

ते काम लोकांना आवडलं. त्यामागून दुसरं आलं, तिसरं आलं. आता बारकीची स्वतःची टोळी आहे. तिच्यात तीन बायका आहेत, आणि पट्ट्याशिवाय फळीवर पाय ठेवणाऱ्याला ती त्याच पावली घरी पाठवते. लांबूकाका थकला तेव्हा ती त्याला आपल्या घरी घेऊन आली. त्याची खाट बाबांच्या खाटेला लागून टाकली. म्हातारे दिवसभर एकमेकांवर खेकसतात आणि एकमेकांवाचून चहा घेत नाहीत.

स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम संपवून बारकी घरी आली, ती डबे आणि ब्रश घेऊनच. रंगाऱ्याचं घर म्हणजे दिव्याखाली अंधार. आजवर त्या घराला जो रंग लागला तो दुसऱ्यांच्या कामातून उरलेला. एक भिंत हिरवट, दुसरी गुलाबी, दारामागचा कोपरा तर कुणाच्या तरी कुंपणाचा चॉकलेटी. बारकीने आईला विचारलं, तुला कोणता हवा?

आईला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती गोंधळलीच. रंगाचा तक्ता घेऊन खिडकीशी बसली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. दोन दिवस कुणाला काही सांगेना. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पांढरा."

बाबांनी कपाळावर हात मारला. पांढऱ्यात प्रत्येक खड्डा दिसतो, भिंती आधी पूर्ण खरवडाव्या लागतील, पुट्टीचे दोन हात तरी लागतील, असं ते सांगू लागले. लांबूकाका म्हणाला, दोन नाही, तीन. त्यावरून दोघांचं जुंपलं. आई तक्ता मांडीवर ठेवून, हसत, भिंतींकडे बघत बसली होती. बारकीने बाह्या वर केल्या आणि खाटा ओढून खोलीच्या मध्यावर आणायला सुरुवात केली.